दीड इंच मार्जिन

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्या घरात एक आवाज व्हायचा. प्लॅस्टिकच्या टोपलीची कडी एका बाजूने सैल झाली होती. टोपली उचलली की ती घसरायची आणि करकर वाजायची. मागच्या खोलीपासून बाथरूमच्या दारापर्यंत अकरा पावलं. जाताना अकरा, येताना अकरा. टोपलीत साबणाची डबी, ब्रश, पेस्ट, तेलाची बाटली, फणी, टाचांना लावायचं मलम आणि घडी घातलेला रुमाल. टोपली वाहणाऱ्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि या घरात एकतीस वर्षं राहत होत्या.

त्यांना सगळे मास्तरबाई म्हणत. शिकवण्याशी त्याचा संबंध नव्हता. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या कटिंग मास्तर होत्या. शर्टाच्या, पँटच्या, डगल्याच्या मापांच्या चिठ्ठ्या त्या लिहायच्या आणि त्या चिठ्ठ्यांबरहुकूम अठरा बायका कापड कापायच्या. शिवणीत जाणारं मार्जिन धरायला बायका विसरतात, म्हणून चिठ्ठीतच दीड इंच धरून लिहायची त्यांची पद्धत होती. बाहीला, कमरेला, उंचीला, सगळीकडे. चिठ्ठी आली की डोकं चालवायचं नाही, कात्री चालवायची, असं त्या नव्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगत. छत्तीस वर्षांत त्यांच्या चिठ्ठीवरून कापलेलं कापड वाया गेलं नव्हतं. हे त्या स्वतः कधी बोलून दाखवत नसत. कारखान्यातली इतर माणसं बोलत आणि त्या ऐकून घेत.

‘मास्तरबाई’ हे नाव घरी आणलं ते त्यांच्या थोरल्या भावाने. त्याने ते कौतुकाने आणलं. वहिनींनी ते उचललं आणि त्याला धार लावली. “मास्तरबाईंना विचारा, त्यांना सगळ्याचं माप कळतं,” असं त्या पाहुण्यांपुढे म्हणायच्या. पाहुणे हसायचे.

आई गेली तेव्हा मास्तरबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि भावाने त्यांना आपल्याकडे आणलं. लग्न जमेपर्यंत, असं तेव्हा ठरलं होतं. लग्न जमलं नाही. घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एकच बाथरूम. मागची खोली त्यांना मिळाली, स्वयंपाकघरातला एक खण मिळाला, गॅलरीतल्या दोरीचा डावीकडचा भाग मिळाला. बाथरूममध्ये काही मिळालं नाही. ते चार फूट रुंद आणि सहा फूट लांब होतं. दार आतल्या बाजूला उघडायचं, कमोडच्या वर फ्लशची टाकी, टाकीच्या वर खिडकी आणि नळाचा पाइप यांच्यामध्ये भिंतीचा एक पट्टा मोकळा. समोर बेसिन, बेसिनच्या वर भावाचं आरशाच्या दाराचं छोटं कपाट. खिडकीच्या कट्ट्यावर वहिनींचे शांपू, कोपऱ्यातल्या फळीवर वहिनींचे साबण. मास्तरबाईंनी पहिल्या आठवड्यात आपली साबणाची डबी त्या फळीच्या टोकाला ठेवली होती. संध्याकाळी ती त्यांच्या उशाशी आली. कोणी आणून ठेवली ते कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरबाईंनी टोपली विकत आणली.

भाऊ स्वभावाने सैल. “तुला एक कपाट करून टाकू तिथे,” असं तो वर्षातून दोनदा म्हणायचा. एकोणतीस वर्षं म्हणत राहिला आणि मग गेला.

तो गेल्यावर घराच्या कागदावर वहिनींचं नाव लागलं आणि बाथरूमच्या दारावर कागद चिकटू लागले. वहिनींनी सव्वीस वर्षं एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. त्यांचा बोलण्यापेक्षा कागदावर विश्वास. प्रत्येक सूचनेला क्रमांक, प्रत्येकीखाली तारीख. ‘गीझर चालू ठेवून बाहेर पडू नये.’ ‘पायपुसणे ओले ठेवू नये.’ ‘केस जाळीत अडकले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी काढावेत.’ घरात दोन माणसं. ‘ज्यांचे असतील’ वाचताना मास्तरबाईंच्या कपाळाची शीर उडायची. केस काढताना त्या ते उजेडात धरून बघायच्या. त्यांचे स्वतःचे पांढरे होते, जाळीतले काळे. तरीही काढायच्या.

सूचना क्रमांक एक मात्र सगळ्यांत जुनी होती आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारलेली होती. ‘बेसिनवरचे कपाट यांचे आहे. त्याला कोणीही हात लावू नये.’ मास्तरबाईंनी ती पाळली. दोन वर्षं त्या आरशात बघून भांग पाडत आल्या, पण दाराची खिटी कधी फिरवली नाही. आत त्याचा वस्तरा असेल, दाढीचा ब्रश असेल, असं मनात यायचं. बाईने नवऱ्याच्या वस्तू जपल्या आहेत, एवढ्यापुरतं त्या वहिनींना मानायच्या. तेवढ्यापुरतंच.

ठिणगी पडली ती टेलिफोनवर. भाचा दुसऱ्या गावी राहायचा आणि आईला आपल्याकडे ने, घर विकून टाक, असं त्याच्या बायकोने त्याच्या डोक्यात घातलं होतं, किंवा वहिनींनी दोघांच्या. कोणी कोणाच्या घातलं हे मास्तरबाईंना कळलं नाही. त्यांनी ऐकलं ते एवढंच. रविवारची दुपार होती, त्या कपडे वाळत घालत होत्या आणि वहिनी आतून मुलाशी बोलत होत्या. आत्याचं काय करायचं, असं त्याने विचारलं असावं. कारण वहिनी म्हणाल्या, “तिचं काय अडलंय? एक टोपली उचलली की निघाली.”

मास्तरबाईंनी हातातला परकर झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही टोकांना चिमटे लावले. मग आत जाऊन वहिनींच्या हातातून फोन मागून घेतला. एकतीस वर्षांत त्यांनी वहिनींकडे मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट होती. भाच्याला त्या म्हणाल्या की पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतील आणि याच घरात राहतील. आणि त्याआधी त्यांना बाथरूममध्ये एक कपाट हवं आहे, भिंतीत स्क्रू मारून पक्कं बसवलेलं. भाचा गडबडला. आत्याने त्याला लहानपणी सात वर्षं शाळेत सोडलं होतं आणि तिने काही मागितल्याचं त्यालाही आठवत नव्हतं. कपाटाला कोण नाही म्हणतंय, आई देईलच की, असं तो बोलून गेला. वहिनींना ते ऐकू गेलं होतं. मुलाच्या तोंडून निघालेला शब्द त्यांना खाली पाडता आला नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर सूचना क्रमांक एक्केचाळीस लागली, नेहमीपेक्षा लांब. कपाट फ्लशच्या टाकीवरच्या पट्ट्यातच बसवावे. खिडकी पूर्ण उघडली पाहिजे. सुताराने घरात एकदाच यावे, रविवारी, नऊ ते बारा. मापे घेण्यासाठी वेगळी फेरी चालणार नाही. नंतर दुरुस्तीसाठी फेरी चालणार नाही. बेसिनवरच्या कपाटाला धक्का लागता कामा नये. खाली सही.

मास्तरबाईंनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि कारखान्याची टेबलं करून देणाऱ्या सुताराला गाठलं. तो पन्नाशीचा, कमी बोलणारा. स्वतः माप घेतल्याशिवाय करवत लावत नाही, असं त्याने सांगितलं. मास्तरबाईंनी सूचना एक्केचाळीस त्याला तोंडपाठ म्हणून दाखवली. सुताराने डोकं खाजवलं. मग म्हणाला, “दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवर केलं नसतं. तुमची चालेल.”

त्या संध्याकाळी मास्तरबाई टेप घेऊन कमोडच्या झाकणावर चढल्या. दारात वहिनी उभ्या राहिल्या, पडू नयेत म्हणून नव्हे. पट्टा चौदा इंच भरला. टाकीपासून छताखालच्या पाइपापर्यंत एकोणतीस. खोली सहा ठेवायची, नाहीतर डोक्याला लागेल. मास्तरबाईंनी पेन्सिल कानामागून काढली आणि चिठ्ठी लिहिली. हात छत्तीस वर्षांचा होता आणि त्याला कोणी वेगळं सांगितलं नव्हतं. रुंदी साडेपंधरा, उंची साडेतीस, खोली साडेसात.

पुढचे बारा दिवस वहिनी विलक्षण गोड वागल्या. चहा झाला का, विचारायच्या. मास्तरबाई सावध झाल्या, पण कशापासून सावध व्हायचं ते कळेना.

रविवारी बरोबर नऊ वाजता सुतार कपाट खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला. बाहेरून फिकट राखाडी, आत पांढरं, चार खण, एक दार, वर छोटी पितळी मूठ. मास्तरबाईंनी मुठीवरून अंगठा फिरवला. मग खाडकन हात मागे घेतला, कारण वहिनी बघत होत्या.

सुतार कमोडवर चढला, कपाट उचललं आणि पट्ट्यात घालायला गेला. ते गेलं नाही. त्याने तिरकं करून पाहिलं. उतरला, खिशातली पोलादी टेप काढली, भिंत मापली, कपाट मापलं, पुन्हा भिंत मापली. मग चिठ्ठी काढून मास्तरबाईंपुढे धरली.

“भिंत चौदाची आहे. चिठ्ठीत साडेपंधरा. आमच्यात माप घेतलं की पाव इंच कमी कापतात, म्हणजे अडत नाही. तुमच्यात काय करतात?”

“आमच्यात दीड इंच वाढवतात,” मास्तरबाई म्हणाल्या.

वहिनी हसल्या. मोठ्याने नव्हे. आवक-जावकच्या टेबलावर एखाद्याचा अर्ज सहीविना सापडला की हसत असतील, तसं. “भिंतीला शिवण घालणार होतात का, मास्तरबाई? थोडी दाबून घ्या ना, बसेल.”

सुतार म्हणाला की कपाट कापता येईल, पण त्याला ते पूर्ण खोलावं लागेल, चारी कडा नव्याने चिकटवाव्या लागतील. दोन दिवसांनी परत आणतो. वहिनींनी दाराकडे बोट केलं. सूचना एक्केचाळीस, कलम पाच. दुरुस्तीसाठी फेरी चालणार नाही. “आणि दोन-तीनदा माणसं घरात येणार, धूळ होणार. जाऊ द्या. नाही बसत तर नाही बसत. एकतीस वर्षं कुठे अडलं होतं?” मग त्या सुताराला म्हणाल्या, “घेऊन जा ते. यांना तसंही वर्षभरच वापरायचं होतं.”

वर्षभर. म्हणजे ठरलंच होतं. मास्तरबाईंनी चिठ्ठी हातात घेतली. अक्षर त्यांचंच, आकडे स्वच्छ. छत्तीस वर्षांत वाया न गेलेली गोष्ट आज इथे वाया चालली होती, या बाईच्या देखत. अपमान गिळायचा की कपाट वाचवायचं, एवढाच प्रश्न होता. अपमान गिळायची त्यांना सवय होती. त्यांनी टेप घेतली आणि बेसिनच्या वरची भिंत मापली. ट्यूबच्या पट्टीपासून कोपऱ्यापर्यंत अठरा इंच.

“इथे बसेल,” त्या म्हणाल्या.

वहिनींचा चेहरा बदलला. ते यांचं कपाट आहे, त्याला हात लावायचा नाही, हे त्या एका दमात तीनदा म्हणाल्या. मग मेलेल्या माणसाची तरी चाड ठेवा, असं म्हणाल्या. मास्तरबाई म्हणाल्या की तो माणूस त्यांचा भाऊ होता, वहिनींच्या आधी सतरा वर्षं. त्याच्या वस्तू त्या स्वतः काढतील, स्वतः पुसतील आणि नव्या कपाटाचा वरचा अख्खा खण त्याला देतील. कुलूप लावून किल्ली वहिनींकडे ठेवा हवी तर.

“नाही म्हटलं ना.”

“का नाही? काय आहे असं त्यात?”

सुताराला हे भांडण ऐकायचं नव्हतं. त्याला बाराच्या आत उतरायचं होतं. जुनं कपाट काढायचं असेल तर स्क्रू आतून असणार, किती आहेत बघून सांगतो, असं पुटपुटत त्याने खिटी फिरवली. वहिनींचा हात पुढे आला, पण बाथरूम चार फुटांचं होतं आणि मध्ये मास्तरबाई होत्या.

वरच्या खणात केसांच्या काळ्या रंगाची पाच खोकी. त्याखाली न फोडलेले साबण, तीन टूथब्रश, गुडघ्यांच्या मलमाच्या दोन नळ्या, गरम पाण्याची रबरी पिशवी. खालच्या खणात पावडरचा डबा, केसांचे चाप आणि सूचनांसाठी कापून ठेवलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा, वर पेन. वस्तरा नव्हता. ब्रश नव्हता. सुताराने सगळं नीट पाहिलं, स्क्रू मोजले. “चार,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मास्तरबाईंनी उघडे खण वरपासून खालपर्यंत पाहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे टोपली होती. दोन वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ, याच कपाटासमोर उभं राहून त्यांनी ती बेसिनच्या कडेवर तोलून धरली होती.

“यात त्याचं काय आहे, वहिनी?”

वहिनींनी पदर सारखा केला. “आरसा,” त्या म्हणाल्या. “आरसा त्यांचा आहे.”

ते खरं होतं. आरसा भावाने स्वतः निवडून आणला होता. त्यात बघून तो रोज दाढी करायचा आणि शिटी वाजवायचा. एका कोपऱ्यात पारा उडालेला होता. मास्तरबाईंना आणखी पुष्कळ बोलता आलं असतं. पाच खोक्यांवर बोलता आलं असतं, जाळीतल्या केसांवर बोलता आलं असतं. त्या सुताराकडे वळल्या आणि आरसा सुटा करता येईल का, असं विचारलं. येईल, बारा बाय सोळा आहे, नव्या दारावर आरामात बसेल, तो म्हणाला.

“मग बसवा. आरसा त्याचा, तो राहील. बाकीचं वहिनी घेतील.”

सुताराने खणांतलं सामान एकेक करून वहिनींच्या हातात दिलं. घेण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. त्याचेही हात भरले होते. रंगाची खोकी छातीशी धरून त्या आपल्या खोलीत गेल्या, परत आल्या, साबण घेऊन गेल्या, परत आल्या. कोरे कागद त्यांनी शेवटी नेले. मग ड्रिल सुरू झालं. भिंतीच्या फरशीतून भुकटी उडाली, चार भोकं पडली, चार प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या गेल्या, चार स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत गेले. सुताराने कपाटाला धरून लोंबकळल्यासारखं केलं. ते हललं नाही. बाराला वीस कमी असताना तो जिना उतरला. जाताना मास्तरबाईंना हळूच म्हणाला की पुढच्या वेळी माप तोच घेईल.

कपाटाची खोली साडेसात इंच होती, म्हणजे जुन्या कपाटापेक्षा बरीच पुढे आलेली. मास्तरबाई ठेंगण्या, त्यांना काहीच अडत नव्हतं. वहिनी चार बोटं उंच. चूळ भरायला वाकलं की त्यांचं कपाळ दाराच्या कडेला टेकायचं. पहिल्या दिवशी दोनदा टेकलं. त्या दिवसापासून त्या बेसिनपुढे आधी मान खाली घालू लागल्या.

मास्तरबाईंनी चार खण लावले. साबण, ब्रश, पेस्ट पहिल्यात. तेल, फणी दुसऱ्यात. तिसऱ्यात मलम आणि रुमाल. चौथ्यात ठेवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. एकतीस वर्षं टोपलीत मावेल एवढंच त्यांनी विकत घेतलं होतं. चौथा खण वहिनींना देता आला असता. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो नीट पाहिला. मग खणाचा तळ पुन्हा एकदा ओल्या फडक्याने पुसला आणि दार लावून घेतलं.

टोपली त्यांनी साबण लावून घासली, उन्हात वाळवली आणि वहिनींच्या खोलीच्या दाराशी ठेवली. कागद लावला नाही.

सोमवार गेला, मंगळवारही. वहिनी पावडरचा डबा पदरात, चाप मुठीत आणि रंगाचं खोकं काखेत धरून ये-जा करत होत्या. मंगळवारी खोकं कमोडशेजारी ओल्यात पडलं. बुधवारी सहा वाजून दहा मिनिटांनी मास्तरबाई अंथरुणातच होत्या. उठायची घाई आता नव्हती. बाहेर कडी घसरली आणि करकर वाजली. त्यांनी मोजलं. वहिनींच्या खोलीपासून बाथरूम सात पावलं. जाताना सात. थोड्या वेळाने येताना सात. मास्तरबाईंनी कूस बदलली आणि आणखी दहा मिनिटं पडून राहिल्या.

त्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. वहिनी त्याच्याशी हळू आवाजात बोलल्या आणि टोपलीचा उल्लेख केला नाही.

शनिवारी दारावर नवा कागद लागला. सूचना क्रमांक बेचाळीस. ‘टोपलीची कडी सैल आहे. आवाज होतो. ज्यांनी टोपली दिली त्यांनी ती दुरुस्त करून द्यावी.’ खाली तारीख, सही.

मास्तरबाईंनी कामावर निघताना तो वाचला. दोन वर्षांत त्यांनी दारावरच्या एकाही कागदाला उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि खाली आपल्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘मी वापरली तेव्हाही सैलच होती.’ तारीख घातली. मग चपला घालून त्या तीन जिने उतरल्या.